मराठीत हाक मार

१

आमच्या घरात एक नियम होता आणि तो मीच केला होता, म्हणून आधी तोच सांगून टाकते. इरावतीनं इंग्रजीत हाक मारली की ओ द्यायची नाही. "मम, मम" करून तिनं घर डोक्यावर घेतलं तरी मी आपली पोळ्या लाटत राहायचे. "आई" म्हणाली, की मगच "ओ". ऑकलंडच्या पापाटोएटो उपनगरात जन्मलेली आठ वर्षांची पोर. मराठी सगळं कळायचं, अगदी आम्ही दबक्या आवाजात भांडायचो तेही, पण उत्तर इंग्रजीतच. हरीश, माझा नवरा, म्हणायचा, "कांचन, लेकराशी एवढा हट्ट बरा नव्हे." पण सांगलीहून त्याच्या आईचा फोन आला आणि "नातीशी बोलायला मला दुभाषी लागतो रे" हे ऐकलं, की हाच दिवसभर तोंड पाडून बसायचा. मग कुणीतरी वाईटपणा घ्यायला हवा होता, तो मी घेतला.

पंच्याण्णवचा जानेवारी होता. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. मी एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट, हरीश इस्पितळाच्या लॅबमध्ये. दोघांनी जोडून रजा काढली. शुक्रवारी ऑकलंडहून दिवसाच्या वेलिंग्टन गाडीनं निघायचं, डोंगरातल्या नॅशनल पार्क स्टेशनावर उतरायचं, शनिवारी वांगानुई नदीत कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, चालवायची आणि रविवारी परत. हरीशला आगगाड्यांचं वेड, इराला पाण्याचं. मला फक्त चार दिवस गोळ्या मोजायच्या नव्हत्या.

गुरुवारी सासूबाईंचा फोन आला. त्यांचं नाव आशालता, आणि आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी ऐकू यावा.

"तिघंच निघालात? आणि तेही पाण्यावर? खडा घ्या बाई सोबत."

तिघांनी मिळून बाहेर पडू नये, पडलंच तर एक खडा चौथा म्हणून बरोबर घ्यावा, हे माझ्या माहेरीही होतं. पण सासूबाईंचे नियम जास्त. दारातलाच खडा घ्यायचा. कुणी विचारलं तर चौघं आहोत म्हणून सांगायचं. आणि परत आल्यावर जिथून उचलला तिथंच ठेवायचा.

"अहो आई, हे न्यूझीलंड आहे," मी म्हटलं.

"मग काय तिथं तीनाचे चार होतात?" त्या म्हणाल्या आणि फोन हरीशला द्यायला सांगितला.

शुक्रवारी सकाळी हरीशनं पत्रपेटीखालच्या खडीतून एक काळसर, अंड्याएवढा खडा उचलला आणि मला दिसू नये अशा बेतानं खिशात घातला. मला दिसलाच.

"इज ही द फोर्थ?" इरानं विचारलं.

"हो गं, हा चौथा."

"व्हॉट्स हिज नेम?"

"त्याला नाव नसतं," हरीश म्हणाला. इराला ते फार वाईट वाटलं. गाडीत तिनं खिडकीजवळची जागा खड्याला दिली. पुढे एके ठिकाणी रूळ डोंगर चढताना स्वतःभोवतीच गोल फिरतो आणि आपण मघाशी आलो ती वाट खाली दिसते. तिथं तिनं खडा काचेला टेकवून धरला आणि त्याला सगळं समजावून सांगितलं. इंग्रजीतच.

२

शनिवारी सकाळी विरेमू आम्हाला व्हॅनमधून नदीवर घेऊन गेला. कयाक भाड्यानं देणारा, पन्नाशीचा, ऐसपैस हसणारा माणूस. "किया ओरा, किया ओरा," असा माओरी नमस्कार करत त्यानं एक फॉर्म हरीशच्या हातात दिला. मोठी माणसं किती, मुलं किती. हरीशनं माझ्याकडे पाहिलं, मग पेन टेकवून लिहिलं: मोठी दोन, मुलं दोन.

"काय हे?" मी मराठीत म्हटलं.

"आईनं सांगितलंय ना. विचारलं तर चौघं."

"अरे, तो नदीचा फॉर्म आहे, तुझ्या आईचा नाही."

तोवर विरेमूनं चार लाइफजॅकेटं आणून गवतावर ठेवलीसुद्धा. दोन मोठी, दोन लहान, नारिंगी. आता परक्या देशात कुणाला समजावून सांगणार, की चौथा आमच्या खिशात आहे? हरीशला लाज वाटली आणि तो गप्प बसला. दुसरं मूल कुठाय असं विरेमूनं विचारलं नाही. व्हॅनच्या मागं खेळत असेल असं त्याला वाटलं असावं. इरानं मात्र त्याचं डोकं खाल्लं. नदीत ईल, म्हणजे वाम मासे, असतात का, तुला पोहता येतं का, तुझ्या टोपीवर कसला पक्षी आहे. माझ्या लेकीला परकं माणूस माहीतच नव्हतं.

मग विरेमूनं जॅकेटला लावलेली छोटी शिट्टी दाखवली. "कुणी मागे राहिलं तर तीनदा फुंकायची. आणि ज्याला ऐकू येईल त्यानं हातातलं सगळं सोडून थांबायचं. एवढा एकच नियम." इरानं तिथल्या तिथं तीनदा फुंकून पाहिली. कानठळ्या बसल्या.

इराला जॅकेटची बकलं कधीच लावता यायची नाहीत, तीन होती, ती मी लावली. उरलेल्या लहान जॅकेटमध्ये तिनं खडा ठेवला आणि माझ्याकडून त्याचीही बकलं लावून घेतली. दोघादोघांच्या दोन कयाक होत्या. एकीत पुढे इरा, मागे मी. दुसरीत मागे हरीश आणि पुढच्या जागेवर ते नारिंगी जॅकेट, आत खडा. खोटं कशाला बोलू, बघून मला हसू आलं. पाणी हिरवं, स्वच्छ, दोन्ही बाजूंना नेच्यांनी भरलेले कडे. बाईमाणसानं अशा ठिकाणी वर्षातून एकदा तरी यावं, असं मनात आलं.

३

बाराच्या सुमाराला काठावरच्या दगडगोट्यांच्या एका पट्ट्यावर थांबलो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी. समोरच्या काठावर, उंचावरून, रेल्वेचा रूळ जात होता. जेवता जेवता एक मालगाडी आली. इरानं उभं राहून दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, तशी ती आनंदानं किंचाळली.

जेवण झाल्यावर ती खडा त्याच्या जॅकेटासकट कडेवर घेऊन विलोच्या झाडीमागे खेळायला गेली. लपाछपी म्हणे. हरीश कयाक पाण्यात ढकलत होता. मी डबे भरत होते. मला आठवतंय, चटणीच्या डबीचं झाकण बसत नव्हतं आणि मी वैतागले होते.

झाडीमागून हाक आली, "मम! वेट फॉर मी! माय क्लिप्स स्टक! मम!"

मी वळलेसुद्धा नाही. "मराठीत हाक मार," मी ओरडले आणि झाकण दाबत राहिले.

पुन्हा "मम" ऐकू आलं. जरा रडवेलं. मी झाकण आणखी जोरानं दाबलं. नियम तो नियम.

मग थोडा वेळ काहीच नाही. पाण्याचा आवाज तेवढा. आणि नंतर,

"आई गं, आले हं! थांब जरा."

हरीशच्या हातून वल्हं निसटलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. इतकं सरळ, इतकं सहज. इरा झाडीतून आली. जॅकेटची तिन्ही बकलं नीट लावलेली. हरीशनं तिला उचलून गरागरा फिरवलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आठ वर्षं वाट पाहिली होती अशा एका वाक्याची.

ती खाली उतरली आणि हरीशच्या कयाकमध्ये पुढच्या जागेवर जाऊन बसली.

"अगं, तुझी जागा माझ्याकडे," मी म्हटलं.

"नाही आई. सकाळपासून मी इथंच तर होते."

"बघ, थट्टासुद्धा मराठीत!" हरीश म्हणाला. त्या आनंदात खडा आणि दुसरं जॅकेट दोघांनाही आठवलं नाही. मी एकटीच माझ्या कयाकमध्ये बसले. पुढची जागा रिकामी असल्यामुळे होडीचं नाक उचललं जात होतं आणि सरळ जाता येत नव्हतं.

वळण घेतल्यावर मागून आवाज आला. बारीक, तीनदा. थोड्या वेळानं पुन्हा तीनदा.

"हे काय वाजलं?" मी विचारलं.

"टुई असेल. ते पक्षी काय वाटेल ते आवाज काढतात," हरीश म्हणाला.

"पक्षीच आहे, बाबा," इरा म्हणाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

४

उतरलो तिथं विरेमू व्हॅन घेऊन उभा होता. त्यानं जॅकेटं मोजली, मग आम्हाला मोजलं, आणि त्याचं हसू गेलं.

"फॉर्मवर चार आहेत."

हरीशनं कानकोंडा होत खड्याची सगळी हकिगत सांगितली. मला वाटलं विरेमू खो खो हसेल. तो हसला नाही. "पाण्यावर कुणी मागे राहिलं तर मला झोप लागत नाही, मित्रा. नक्की तिघंच?"

"नक्की."

तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं इराला काहीतरी विचारलं, ईल दिसला का, असंच काही. ती हरीशच्या पाठीमागं सरकली. "सकाळी तर माझं डोकं खात होतीस," तो म्हणाला. दमली असेल, मी म्हटलं. सोमवारी तिकडून जाणं होईल तेव्हा मागे राहिलेलं जॅकेट घेऊन येतो, असं विरेमू म्हणाला.

मोटेलवर ऊन अजून रेंगाळत होतं. तिकडे जानेवारीत नऊपर्यंत उजेड असतो. इरा पलंगावर मांडी घालून बसली होती. टीव्ही लावला नव्हता, लाव म्हणालीही नव्हती. हरीशशी बोलत होती. सांगलीच्या घराबद्दल विचारत होती, आजी कुठं बसते, दार कुठल्या दिशेला. हरीश सांगताना हरखून गेला होता.

आता माझं ऐका. औषध देताना आम्ही तीनदा बघतो. फळीवरून काढताना, भरताना आणि बाटली परत ठेवताना. मी इराला आंघोळ घालायच्या निमित्तानं आत नेलं आणि तीनदा बघितलं. गुडघ्यावरचा व्रण, जॅण्डल, म्हणजे रबरी चप्पल, तुटून कोपऱ्यावरच्या डेअरी-दुकानाच्या पायरीवर पडली होती तेव्हाचा. कानामागचा तीळ. खालचा पडलेला दात. सगळं जागच्या जागी. मला माझीच लाज वाटली. मुलं अशी अचानक बोलायला लागतात, हे मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगत आले होते. आठ वर्षं आत साठलं होतं, आज बाहेर आलं, एवढंच. यात घाबरण्यासारखं काय आहे, कांचन?

तरी मी टॉवेलनं केस पुसता पुसता सहज इंग्रजीत विचारलं, आज सगळ्यात जास्त काय आवडलं?

ती माझ्याकडे बघत राहिली. विचारलेलं कळलं असावं. पण ओठ हलले नाहीत. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ती हसली आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "आई, मराठीत बोल ना. मग मी ओ देईन."

तो हात गार होता. नुकतीच आंघोळ झाली होती, पाणी चांगलं कढत होतं.

५

रविवारची परतीची गाडी. इरा खिडकीजवळ, मी तिच्या शेजारी, हरीश समोर. मी झोपले नव्हते आणि हरीशला त्याचं कारण सांगितलं नव्हतं. काय सांगणार? आपली मुलगी आपल्याला हवी तशी बोलायला लागली, म्हणून मला भीती वाटते?

गाडी तो गोल फेरा घालून डोंगर उतरली. पुढे नदी रुळाच्या बाजूला आली आणि हरीश उठून उभा राहिला.

"अगं बघा बघा! कालची आपली जेवायची जागा येईल आता."

आली. पलीकडच्या काठाचा तो गोट्यांचा पट्टा, मागे विलो. सगळं मिळून पाचसहा सेकंद असेल. पट्ट्यावर पाण्याच्या अगदी काठाशी काहीतरी नारिंगी उभं होतं. लहानसं. आमच्या गाडीकडे तोंड करून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवत होतं. मग एक हात खाली आला आणि तोंडाशी गेला.

काचेतून आवाज आत येत नाही. मी तीन मोजले. का मोजले ते विचारू नका.

तेवढ्यात इरानं खिडकीचा पडदा ओढला.

"ऊन लागतंय, आई."

ऊन दुसऱ्या बाजूनं येत होतं. मी तिच्या अंगावरून झेपावून पडदा सरकवला, तोवर नुसती झाडी.

"हरीश, तिथं कुणीतरी होतं. पाहिलंस ना?"

"कुणाचं तरी पोर असेल. रविवार आहे," तो म्हणाला. मग माझा चेहरा पाहून, "तुला बरं नाही का?"

गाडी थांबवायची साखळी कुठं असते ते मी शोधलं. गार्ड दोनदा आमच्या बाजूनं गेला. पण त्याला सांगणार काय? माझी मुलगी मागे राहिलीये, आणि ही बघा, ही इथं माझ्या शेजारी बिस्किट खातेय? मला वेड्यांच्या इस्पितळात घातलं असतं, आणि लॅबचे रिपोर्ट हरीशनंच केले असते. मी गप्प बसले. माझं हे गप्प बसणं मला आजही पोखरतं.

संध्याकाळी टॅक्सीतून उतरल्यावर इरा घरात गेली नाही. पत्रपेटीखालच्या खडीत जाऊन उभी राहिली, दोन्ही पाय जुळवून, आणि सुटकेचा श्वास सोडल्यासारखं म्हणाली, "आले बाई एकदाची घरी."

६

सोमवारी दुपारी एक वाजता, तिकडे पहाटेचे साडेपाच, सांगलीला फोन लावला. इरा आजीशी अर्धा तास बोलली. सासूबाई पलीकडे रडत होत्या, हरीश अलीकडे रडत होता. शेवटी त्यांनी मला मागितलं. "कांचन, मी तुला फार बोलले गं. तू शिकवलंस तिला. देवानं ऐकलं माझं." मग म्हणाल्या, "खडा ठेवलात ना जागेवर?"

"हो," मी म्हटलं. सासूबाईंशी पहिल्यांदाच खोटं बोलले. खोटं होतं का, तेही मला सांगता आलं नसतं.

दोन वाजता पुन्हा फोन वाजला. विरेमू होता.

"जॅकेट मिळालं. तुम्ही जेवलात तिथंच, पाण्याच्या कडेला."

"खडा होता आत?"

"नाही. रिकामं. तिन्ही बकलं लावलेली." मग म्हणाला, "विचारावं की नाही कळत नव्हतं. काल कुणी तिथं गेलं होतं का तुमच्यापैकी?"

"नाही. का?"

"जॅकेट अगदी कोरडं आहे. दोन दिवस उन्हात होतं ना. पण शिट्टी ओली आहे."

"कुणी होतं का तिथं? विरेमू, नीट आठवा. हाका मारल्यात?"

"झाडीत शिरून पाहिलं. कुणी दिसलं नाही. हाका कशा मारणार? नाव काय म्हणून घेणार?"

मी फोन ठेवला. झाडीमागची ती हाक मला जशीच्या तशी ऐकू येत होती. माय क्लिप्स स्टक. तीन बकलं, आणि ती तिला लावता यायची नाहीत, काढताही यायची नाहीत. मी दहा पावलांवर होते. नुसतं वळायचं होतं. मी झाकण लावत बसले, कारण हाक मला हव्या त्या भाषेत नव्हती.

गाडीची किल्ली घेतली. हरीश स्वयंपाकघरात चहा गाळत होता.

"कुठं?"

"नदीवर. नऊपर्यंत उजेड आहे, मी सहापर्यंत पोचते."

"कशाला? कांचन, वेडी झालीस का? पोर इथं आहे, अंगणात खेळतेय. बघ तरी."

"बघितलंय मी. तीनदा," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

ती पत्रपेटीजवळ उभी होती, खडीत, त्याच जागी. मी गाडीत बसले तशी खिडकीपाशी आली. काच खाली होती. तिनं खिडकीच्या कडेवर हनुवटी टेकवली, अगदी इरा टेकवायची तशी. डोळे भरलेले होते. ते डोळे माझ्या लेकीचे होते, हे मी नाकारत नाही.

"आजी म्हणाली होती ना, जिथून उचलला तिथंच ठेवायचा," ती हळू आवाजात म्हणाली. "मी आले ना आई घरी? तुला हवं तसंच बोलते ना? मग आता कुणाला आणायला निघालीस?"

मला तिचीही दया आली. खरंच आली. तिला आम्हीच उचललं होतं, आम्हीच मोजलं होतं. मी काच वर केली आणि गाडी मागे घेतली.

"आई!" तिनं हाक मारली. मग रस्त्यापर्यंत पळत येत, पुन्हा, "आई गं!"

स्वच्छ, सुंदर मराठीत. आठ वर्षं मी त्याच हाकेसाठी जीव टाकला होता. मी ओ दिली नाही.